कीर्तीचें माप

दरवर्षीं क्रीडापुरस्कारांची यादी प्रसिद्ध झाली, कीं चार दिवस वादाला ऊत येतो. अमक्यास मिळाला तर तमक्यास कां नाहीं, समितीनें कोणाचें तोंड पाहिलें, कोणाचा वशिला फळास आला, असल्या प्रश्नांनीं वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि चहाच्या दुकानांतील बाकें तापतात. पांचव्या दिवशीं सगळें निवतें. या गदारोळाकडे तुच्छतेनें पाहण्याची विद्वानांत एक रीत आहे. खेळ तो काय आणि त्याचा न्याय तो काय, असें म्हणून ते पान उलटतात. आम्हांस ही रीत पसंत नाहीं. पुरस्कार कोणास द्यावा हा प्रश्न वरवर खेळाचा दिसला, तरी त्याच्या पोटांत नीतिशास्त्रांतील एक अवघड प्रश्न दडलेला आहे. मनुष्याची योग्यता कशावरून ठरवावी? त्यानें जें करून दाखविलें तेवढ्यावरूनच, कीं तें करण्यास त्यास जो वाव मिळाला किंवा मिळाला नाहीं, तोहि हिशेबांत धरून?

विचारास आरंभ करण्यापूर्वीं शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘योग्य’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या अर्थांनीं वापरतों. एखाद्यानें एका हंगामांत मोठा पराक्रम केला, म्हणून तो योग्य. एखाद्याची विद्या त्याच्या पिढींत सर्वांत वरची होती, म्हणून तो योग्य. आणि एखाद्यावर समाजानें अन्याय केला, त्याची भरपाई व्हावयास हवी, म्हणूनहि तो योग्य. पहिली योग्यता कृतीची, दुसरी गुणाची, तिसरी ऋणाची. वर्षाचा पुरस्कार कृतीसाठीं असतो; कीर्तिमंदिरांतील स्थान गुणासाठीं असावें; आणि ऋण हें तर फेडावयाचें असतें, त्याला पुरस्कार म्हणणें हाच शब्दाचा दुरुपयोग होय. सचिन तेंडुलकर यांस २०१४ सालीं भारतरत्न हा किताब मिळाला, तेव्हां ध्यानचंदांस तो आधीं कां नाहीं, असा वाद झाला. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत ध्यानचंद होते. ते १९७९ सालीं वारले. आणि खेळाडूंस हा किताब देतां येईल असा बदल नियमांत झाला तो २०११ सालीं. तेंडुलकरांच्या गुणाविषयीं त्या वादांत शंका घेणारे फार थोडे होते. खरी तक्रार होती ती देशाच्या विसराळूपणाविषयीं. म्हणजे एक पक्ष गुणाविषयीं बोलत होता, दुसरा ऋणाविषयीं. आणि दोघेहि आपण एकमेकांस खोडून काढीत आहों अशा समजुतींत होते.

केवळ कृतीवर निकाल द्यावा असें म्हणणारांची बाजू दुबळी नाहीं. कृति डोळ्यांनीं दिसते, मोजतां येते, आणि तिला साक्षीदार असतात. ‘संधि मिळाली असती तर’ या शब्दांना अंत नाहीं. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलें असतें, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाहीं. न झालेल्या धांवा मोजून पदकें वांटूं लागल्यास प्रत्येक गांवांत चार-दोन जगज्जेते निघतील. शिवाय संधि नसतांनाहि जो झगडून वर आला, त्याच्या श्रमाची अशानें अवहेलना होते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. पण तो अर्धाच आहे. आंकडा खोटें बोलत नाहीं हें खरें, तथापि त्याला जेवढें विचारावें तेवढेंच तो सांगतो. तो ज्या मैदानावर जन्मास येतो, त्या मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाच्या हातीं होती, हें तो आपण होऊन बोलत नाहीं.

आपल्याच महाराष्ट्रांतील क्रिकेटचा इतिहास पाहावा. प्रोफेसर दि. ब. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. १९२६ सालीं त्यांनीं मुंबईस एम्. सी. सी. च्या संघाविरुद्ध १४८ धांवा केल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. परंतु भारताचा पहिला कसोटी सामना झाला तो १९३२ सालीं, आणि तेव्हां देवधरांनीं चाळिशी गांठली होती. कसोटीच्या वहींत त्यांच्या नांवासमोर शून्यहि नाहीं, कारण तेथें त्यांचें नांवच नाहीं. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट निराळी. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध खेळतांना ते ४४३ धांवांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा त्या वेळचा जागतिक उच्चांक मोडण्यास आणखी दहा धांवा पुरे होत्या. पण काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारलें व सामना सोडून दिला. निंबाळकरांच्या वांट्यास एकहि कसोटी सामना आला नाहीं. पद्माकर शिवलकर यांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, तेहि दर बळीमागें वीसाहून कमी धांवा देऊन. परंतु डाव्या हाताची तीच फिरकी टाकणारे बिशनसिंग बेदी त्याच काळीं भारताच्या संघांत होते, आणि शिवलकरांस दार उघडलें नाहीं. एकास काळ आड आला, दुसऱ्यास प्रतिपक्ष आड आला, तिसऱ्यास समकालीन आड आला.

या तिघांची बाजू मांडतांना काल्पनिक धांवा मोजण्याची गरज पडत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. ४४३ धांवा खऱ्याच आहेत. ५८९ बळी खरेच आहेत. मागणें एवढेंच आहे, कीं लहान मैदानावर घडलेला मोठा पराक्रम हा मैदान लहान होतें म्हणून लहान ठरूं नये. ‘कसोटी सामने किती?’ एवढाच प्रश्न जें कीर्तिमंदिर दारावर विचारील, तें गुणाचें माप घेत नसून योगायोगाचें माप घेतें.

काळ आणि समकालीन यांवर कोणाचा इलाज नसतो. पण जेथें फाटक मनुष्याच्याच हातांनीं लावलेलें असतें, तेथें प्रश्नास दुसरें रूप येतें. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजांत जन्मले. पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखण्याच्या कामास ते महिना चार रुपयांवर होते. साहेबलोकांस सराव व्हावा म्हणून त्यांनीं तासन् तास गोलंदाजी करावी. फलंदाजी मात्र त्यांस करूं दिली जात नसे. पुढें हिंदूंच्या संघानें त्यांस घेतलें, तें त्यांच्या बोटांतील विद्येवांचून जिंकतां येईना म्हणून. तरीहि चहाच्या वेळीं त्यांनीं मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा घ्यावा असा परिपाठ होता. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. इतकें होऊनहि हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांस रीतसर कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं बरेंच वादंग माजल्यावर उपकर्णधारपद तेवढें पदरांत पडलें, आणि १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल कर्णधार झाले. आतां केवळ आंकड्यांच्या वहींत पाहूं गेल्यास ‘कर्णधार म्हणून कामगिरी’ या रकान्यांत बाळूंच्या नांवासमोर कांहींच आढळणार नाहीं. परंतु तो रकाना त्यांच्या योग्यतेविषयीं कांहीं सांगत नाहीं. तो ज्यांनीं कर्णधार निवडले त्यांच्याविषयीं सांगतो. रिकामा रकाना पुष्कळदां खेळाडूच्या खात्यांत लिहिलेला असतो, पण खर्च पडलेला असतो तो समाजाच्या खात्यांत.

हा प्रकार केवळ आपल्याच देशांत झाला असें नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल या खेळाचें एक कीर्तिमंदिर कूपरस्टाउन या गांवीं आहे. त्यासाठीं पहिली निवड झाली ती १९३६ सालीं. खेळावर लिहिणाऱ्या अनुभवी पत्रकारांच्या मतांपैकीं शेंकडा ७५ मतें पडल्याशिवाय तेथें प्रवेश नाहीं, आणि खेळाडूस निवृत्त होऊन पांच वर्षें लोटल्याशिवाय त्याचें नांव मतास येत नाहीं. नियम मोठा सावध आहे. तात्पुरती लोकप्रियता निवून जावी आणि मग निवाडा व्हावा, असा त्यांतील हेतु. पण जो मुख्य संघांत खेळलाच नाहीं त्याचें काय? कृष्णवर्णीय खेळाडूंस १९४७ पर्यंत मुख्य संघांचें दार बंद होतें. त्यांचे सामने निराळे, संघ निराळे. जॉश गिब्सन हा त्यांतील अद्वितीय फलंदाज १९४७ च्या जानेवारींत वारला, आणि त्याच वर्षीं एप्रिलमध्यें जॅकी रॉबिन्सनच्या रूपानें तें दार उघडलें. १९७१ सालीं सॅचेल पेज या कृष्णवर्णीय गोलंदाजास कीर्तिमंदिरांत घ्यावयाचें ठरलें, तेव्हां त्याची पाटी वेगळ्या दालनांत लावण्याचा बेत प्रथम झाला होता. ज्या विषमतेबद्दल पश्चात्ताप करावयाचा, तीच मंदिराच्या आंत नेऊन बसविण्याचा हा प्रकार लोकांच्या निषेधानें टळला. गिब्सनची निवड १९७२ सालीं झाली. आणि २०२४ सालीं त्या वेगळ्या संघांचे आंकडे मुख्य वहींत समाविष्ट झाले, तेव्हां आजवर अग्रस्थानीं असलेल्या टाय कॉबच्या वर गिब्सनचें नांव चढलें. मेलेला मनुष्य त्या वर्षीं अधिक चांगला खेळला असें नाहीं. वही सुधारली, एवढेंच.

याच मंदिराच्या दाराशीं दुसराहि एक वाद दीर्घकाल तिष्ठत उभा आहे, तो शीलाचा. पीट रोझ यानें ४२५६ फटक्यांचा विक्रम केला; पण खेळावर पैज लावल्याबद्दल १९८९ सालीं त्यास कायमचें बाहेर काढण्यांत आलें. २०२४ सालीं तो वारला, आणि २०२५ च्या मे महिन्यांत ही बंदी उठविण्यांत आली. गुणी मनुष्य दुर्वर्तनी असेल तर त्याचें काय करावें? आमच्या मतें येथें दोन प्रकारचे दोष वेगळे केले पाहिजेत. खेळाडूच्या खासगी जीवनांतील दोष हा त्याच्या शेजाऱ्यांचा आणि न्यायासनाचा विषय होय. क्रीडांगण हें संतांची परीक्षा घेणारें पीठ नव्हे. परंतु ज्या दोषानें खेळाचा खरेपणाच नासतो, तो दोष त्या खेळाच्या कीर्तिमंदिरानें मोजलाच पाहिजे. कारण ज्या वहीवर आपण मान मागतों, तिच्यावरील विश्वास त्यानेंच खरवडून काढलेला असतो.

आतां ऋणाकडे वळूं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें येण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर सात हजार रुपयांस गहाण टाकलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढें खाशाबा पोलीस खात्यांत नोकरीस राहिले आणि १९८४ सालीं अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जात होता. खाशाबांस तो मिळाला २००० सालीं, मरणोत्तर. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झालेले सैनिक. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक जिंकलें. त्यांस पद्मश्री २०१८ सालीं आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारींत मिळाला. पदक व पुरस्कार यांमध्यें बावन्न वर्षांचें अंतर पडलें.

उशिरां मिळालेल्या अशा मानाविषयीं लोक म्हणतात, ‘देर आए दुरुस्त आए.’ आम्हांस हें समाधान फार स्वस्त वाटतें. मानाचा उपयोग केवळ मानकऱ्यास नसतो. खाशाबांचा सन्मान १९५३ सालीं थाटानें झाला असता, तर पुढच्या दहा वर्षांत तालमींत उतरणाऱ्या किती मुलांनीं तो डोळ्यांपुढें ठेवला असता! मरणोत्तर पुरस्कार मृतास पोंचत नाहीं, आणि ती मुलेंहि तोंवर म्हातारीं झालेलीं असतात. म्हणून असा पुरस्कार देतांना सरकारानें आणि समाजानें तो गौरवाच्या भाषेंत न देतां प्रायश्चित्ताच्या भाषेंत द्यावा, हें अधिक प्रामाणिकपणाचें होईल. खर्डेकरांनीं घर गहाण टाकलें हें त्यांचें थोरपण खरें. पण एका शिक्षकास घर गहाण टाकावें लागावें, यांत गौरवाइतकीच नाचक्कीहि आहे, आणि आपण भाषणांतून पहिली सांगतों व दुसरी गाळतों.

येथें नांवांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. देशानें उत्तम खेळाडूच्या पुरस्कारास अर्जुनाचें नांव दिलें, आणि १९८५ सालीं उत्तम गुरूच्या पुरस्कारास द्रोणाचार्यांचें. ज्यानें हीं नांवें सुचविलीं, त्यानें आदिपर्वाचें पुढचें पान उलटलें नव्हतें कीं काय? द्रोणाचार्यांनीं निषादाच्या पुत्रास शिष्य करून घेण्याचें नाकारलें. त्यानें मातीची मूर्ति करून तिच्यासमोर विद्या साधली. आणि ती अर्जुनाच्या विद्येहून सरस झाली असें दिसतांच गुरूंनीं न दिलेल्या शिक्षणाची दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला. अर्जुन श्रेष्ठ धनुर्धर होता यांत संशय नाहीं. पण त्याचें अद्वितीयत्व एका तुटलेल्या अंगठ्यावर उभें आहे, हेंहि तितकेंच निःसंशय. कृति, गुण आणि ऋण हे तिन्ही अर्थ या एका कथेंत एकवटले आहेत. कृति अर्जुनाच्या नांवावर, गुण एकलव्याच्या हातांत, आणि ऋण द्रोणाचार्यांच्या माथ्यावर. आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या मध्यप्रदेशांत तरुण खेळाडूंच्या पुरस्कारास एकलव्याचें नांव आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तरी नांव देणें सोपें. अंगठा शाबूत राखणें कठीण.

अंगठा शाबूत राखणें म्हणजे काय, हें आम्हां बुलढाणेकरांस दूर जाऊन शोधावयास नको. या जिल्ह्यांतील प्रथमेश जावकर या तरुणानें २०२३ च्या मे महिन्यांत शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेंत, जगांत पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसर यास अंतिम फेरींत १४९ विरुद्ध १४८ अशा एका गुणानें हरविलें. आणि त्याच वर्षीं हांगझौ येथील आशियाई स्पर्धांत ओजस देवतळे व अभिषेक वर्मा यांच्यासह संघाचें सुवर्णपदक मिळविलें. १५० पैकीं १४९ हा आंकडा पाहून कोणाचीहि मान डोलेल. परंतु प्रथमेशचें धनुष्य हें दोन्ही टोकांस कप्प्या असलेलें, ज्यास कंपाउंड म्हणतात त्या प्रकारचें; आणि त्या प्रकारास ऑलिंपिकमध्यें आजवर जागाच नव्हती. २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धांत प्रथमच स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोडीपुरती ती देण्याचें ठरलें आहे. ‘ऑलिंपिकमध्यें काय केलें?’ हा प्रश्न या धनुर्धरास विचारणें म्हणजे देवधरांस कसोटीच्या धांवा विचारण्यासारखेंच आहे.

खेळाडू आकाशांतून पडत नाहीं. तो घडवावा लागतो, आणि घडविण्यास मैदान, साधनें, गुरु व पोटाची निश्चिंती लागते. वऱ्हाडास हें ज्ञान नवें नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं सुरू झालेल्या हनुमान व्यायामशाळेचें पथक १९३६ सालीं बर्लिनपर्यंत जाऊन आपले देशी खेळ जगास दाखवून आलें होतें. तरीहि आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांकडे पाहिलें, म्हणजे मनांत येतें तें असें: यांत एखादीच्या हातांत स्थिरता असेल, एखाद्याच्या पायांत वारा असेल, पण ती बारावीनंतर लग्न होऊन जाईल, तो सोयाबीनच्या काढणीस जाईल, आणि कोणत्याहि वहींत त्यांच्या नांवासमोर रिकामा रकानासुद्धां राहणार नाहीं. पुरस्कारांचा वाद हा फाटकाच्या आंत पोंचलेल्यांचा वाद आहे. बाहेर राहिलेल्यांच्या वतीनें वाद घालण्यास कोणी उरत नाहीं, कारण त्यांस स्वतःसच आपण काय गमावलें तें ठाऊक नसतें.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. वर्षाचा पुरस्कार कृतीवरच द्यावा, त्यांत दयेस जागा नसावी. मात्र निवडसमितीनें आपलीं कारणें लिहून प्रसिद्ध करावीं, म्हणजे वाद तोंडांचा न राहतां कारणांचा होईल. कीर्तिमंदिरांत गुण पाहावा, आणि गुण पाहतांना मनुष्य कोणत्या मैदानावर, कोणत्या कुंपणाआड खेळला, हें त्याच्या आंकड्याशेजारीं लिहावें. आंकडा वाढवूं नये, पण उघडाहि सोडूं नये. आणि ऋण फेडावयाचें तें पदकांनीं न फेडतां मैदानांनीं फेडावें. खाशाबांचें ऋण खाशाबांस फेडण्याची वेळ निघून गेली; तें आतां ज्या तालमींत अद्याप चांगली माती नाहीं तेथेंच फेडतां येईल.

यावर कोणी म्हणेल, कीं एवढें सगळें केलें तरी वाद थांबणार नाहींत. ते थांबावे अशी आमची इच्छाहि नाहीं. ज्या समाजांत योग्यतेविषयीं कोणी भांडत नाहीं, त्यानें एकतर सर्वांस न्याय दिलेला असतो, किंवा न्याय ही वस्तुच विसरलेली असते. आणि पहिल्या प्रकारचा समाज इतिहासांत आम्हांस अजून आढळलेला नाहीं. वाद चालू राहावा. फक्त तो घालणारानें आपण कृतीविषयीं बोलतों, गुणाविषयीं बोलतों, कीं ऋणाविषयीं, हें प्रथम स्वतःशीं ठरवून घ्यावें. आणि ऋणाविषयीं बोलत असल्यास, तें कोणाकडून येणें आहे तें शोधण्यासाठीं समितीच्या दाराशीं जाण्यापूर्वीं आपल्या गांवच्या मैदानावर एक फेरी मारून यावें.